डोंगर आमचा, वही कोणाची?

शेतकरी व कारागीर बांधवांनो, आजकाल चामोर्शीच्या बाजारात धानाच्या भावाच्या जोडीने आणखी एक भाव कानी पडू लागला आहे. तो म्हणजे कोनसरीच्या कंपनीच्या शेअरचा. हातात मोबाईल धरून पोर सांगते, काल इतका चढला, आज इतका पडला. धानाचा हमीभाव सरकार वर्षातून एकदा ठरविते. २०२५-२६ सालासाठी साध्या धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये ठरला. शेअरचा भाव मात्र मुंबईच्या बाजारात घटकेघटकेला बदलतो, आणि तो कशाने बदलतो हे आमच्या शेतकऱ्यास कोणी समजावून सांगत नाही.

१ जानेवारी २०२५ रोजी कोनसरी येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते लॉईड्स मेटल्स कंपनीच्या कामगारांस कंपनीचे शेअर देण्यात आले. त्यांत आदिवासी मजूर होते, हत्यार टाकून शरण आलेले नक्षलवादीही होते. ही गोष्ट चांगली झाली, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो. ज्याच्या घामावर कारखाना चालतो तो कारखान्याचा भागीदार व्हावा, यात कोणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. एवढेच ध्यानात असू द्यावे की, शेअरचा चढलेला भाव हा उभ्या पिकाचा अंदाज असतो. मळणी होऊन दाणा घरात येण्याआधी त्याच्या भरवशावर लेकीच्या लग्नाचे कर्ज काढू नये.

पण या भागीदारांच्या यादीत कोण नाही, हेही पाहावे. ज्याची बांधी गेली आणि ज्याच्या घरचे कोणी कामावर लागले नाही, तो नाही. जी बाई त्या रानात मोहफुले वेचीत होती, तेंदूपान तोडीत होती, ती नाही. रस्त्याकाठी ज्याचे उभे पीक ट्रकांच्या लाल धुळीने माखले, तो तर नाहीच नाही.

हे लोखंड काही काल सापडलेले नाही. आपल्या या मुलखात एकेकाळी गावठी भट्ट्या कोळशावर धगधगत होत्या. विलायतेचे स्वस्त लोखंड आले आणि त्या विझल्या. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याजवळ उत्तम लोखंडी दगड आहे व वरोऱ्याचा कोळसाही जवळच आहे, असे त्यात होते. परंतु तो कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही, सरकारी अटीही जाचक होत्या, आणि बेत राहून गेला. पुढे १९०७ साली टाटांची कंपनी निघाली व कारखाना साकचीस उभा राहिला. त्यालाच आज जमशेदपूर म्हणतात. तेव्हा गडचिरोली चांद्यातच होती, ती १९८२ साली वेगळी झाली. म्हणजे या दगडाची कीर्ती शंभरावर वर्षे जुनी आहे. आमचा लोहार मात्र विळा-कुऱ्हाडीसाठी परगावच्या लोखंडाचा तुकडा वजनावर विकत घेतो.

आता सुरजागडचा दगड निघू लागला आहे. ३४८ हेक्टरांचा पट्टा कंपनीस २००७ साली मिळाला, आणि २०२३ साली वर्षाला १ कोटी टन काढण्याची परवानगी झाली. २२ जुलै २०२५ रोजी हेडरीहून कोनसरीपर्यंतची सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू करण्यात आली. दगड दळून, पाण्यात कालवून, नळातून वाहात आणावयाचा अशी ही युक्ती आहे. आष्टी-आलापल्ली रस्त्यावरून ज्याला सायकलीने जावे लागते त्याला विचारा. ट्रक कमी होणार असतील तर तो दोन्ही हातांनी दुवा देईल. यंत्राशी आमचे वैर नाही. मात्र या कामाला ‘हरित’ हे विशेषण लागले की आम्ही जरा थांबून पाहतो. त्याच २०२५ साली दगड धुण्या-दळण्याच्या प्रकल्पासाठी सुमारे ९३७ हेक्टर जंगल देण्यास केंद्र सरकारने तत्त्वतः मान्यता दिली. त्यात लाखावर झाडे जावयाची आहेत. धूर वाचला तो वहीत जमा धरता, तर रान गेले ते खर्ची का धरीत नाही?

आता पैशाचा हिशेब ऐका. तो अवघड आहे असे भासविले जाते, पण सावकाराचे व्याज ज्याने रात्री जागून मोजले आहे त्याला तो मुळीच अवघड नाही. नागपुरात ज्याची मुख्य कचेरी आहे तो भारतीय खाण ब्यूरो दगडाचा सरासरी भाव दर महिन्याला जाहीर करतो. त्या भावाने १०० रुपयांचा दगड निघाला की १५ रुपये स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जाते. शिवाय १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्टेदाराने त्या १५ रुपयांच्या ३० टक्के, म्हणजे साडेचार रुपये, जिल्हा खनिज प्रतिष्ठानात वेगळे भरावयाचे असतात. सुरजागडचा पट्टा त्यापूर्वीचाच आहे. हे साडेचार रुपये खाणीची झळ बसलेल्या गावांच्या पाण्यासाठी, दवाखान्यासाठी, शाळेसाठी आहेत. कोणी दाता ते दान देत नाही. कायद्याने ते तुमचे देणे लागते. आणि अनुसूचित क्षेत्रातील बाधित गावांत या पैशाच्या कामाला ग्रामसभेची मंजुरी लागते, व वर्षाअखेर झालेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो, असे केंद्राच्या योजनेतच लिहिले आहे. आपल्या गावात असा अहवाल वाचलेला कोणी ऐकला आहे काय?

देशावर कुलकर्ण्याची वही होती, आमच्या झाडीत मालगुजाराची आणि सावकाराची. वाचता न येणाऱ्याने अंगठा उठवावा आणि वाचता येणाऱ्याने शेत उचलावे, हा त्या काळचा व्यवहार. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो या दुखण्यावरच. आता आमची मुले वाचतात, तर वही इंग्रजीत गेली. परवानगीचे कागद इंग्रजीत, कंपनीचा ताळेबंद इंग्रजीत. “तुम्हाला काय समजते?” असे एखादा बाबूसाहेब म्हणतो. अहो, आमच्या बचत गटाच्या बाया दर महिन्याला जमा, खर्च, शिल्लक लिहितात, आणि एक रुपया चुकला तर बैठक उठू देत नाहीत! त्यांना मराठीत कागद द्या, मग पाहा.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार त्याच्या ग्रामसभेच्या हाती आला. तेथे ठराव सर्वांच्या संमतीने होतात. बांबू तोडला तरी पुढच्या वर्षासाठी तो राहतो, आणि विकल्याचा हिशेब गाव पाहते. लोखंडाचा दगड परत उगवत नाही. म्हणून त्याचा हिशेब बांबूहून अधिक कडक पाहिजे. लोणीच्या ऊसवाल्यांनी स्वतःचे शेअर घालून १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू केला, हेही विसरू नये. पुढे सहकारात नवे सरदार निपजले ती कथा निराळी. पण जमीनवाला भागीदार होऊ शकतो, हे तेथे दिसले. मग जो शेतकरी बांधी देईल त्यास एकरकमी पैशाबरोबर शेअरही मिळावा, अशी मागणी करण्यात भलते काय आहे?

तेव्हा येत्या ग्रामसभेत एवढेच विचारावे: सुरजागडच्या दगडापोटी प्रतिष्ठानात किती जमा झाले, आपल्या गावात किती लागले, आणि कशावर? उत्तर मराठीत मागावे, एटापल्लीकडे माडियातही. उत्तर न मिळाले तर ठराव लिहून गडचिरोलीच्या कचेरीत नेऊन द्यावा. दोन प्रती कराव्या, एकीवर तारखेसह पोच घ्यावी, आणि ती प्रत परत आणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी.