आधी वाक्य, मग आकडे

परवा नात गणिताची वही घेऊन बसली होती. ती इंग्रजी माध्यमात शिकते. 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर' हे तिने '5 − एक्स' असे मांडले होते आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली होती. मी म्हटले, "हेच मराठीत सांग बघू." "एका संख्येपेक्षा पाचाने कमी," ती म्हणाली, आणि लगेच हसून तिने 'एक्स − 5' लिहिले. मराठीत संख्या आधी येते, वजाबाकी नंतर. इंग्रजीत पाच आधी आले आणि पोरगी शब्दामागून शब्द उतरवत गेली.

अर्थात मराठीतही चकवे आहेतच. 'दुपटीत तीन मिळवा' म्हणजे 2क्ष + 3, पण 'तीन मिळवून दुप्पट करा' म्हणजे 2(क्ष + 3). संख्या दहा धरली, तर एकाचे उत्तर 23 आणि दुसऱ्याचे 26. शब्द जवळपास तेच, फरक फक्त क्रमाचा.

हा फरक किती महाग पडतो, हे मी बँकेत पाहिले. एक शेतकरी कर्जाची चौकशी करायला आला. मी 'द.सा.द.शे. 12' असे सांगून मोकळा झालो. तो उठला. त्याचा सावकार 'शेकडा दोन' घेत होता! बारापेक्षा दोन कमी, हे त्याचे गणित बिनचूक होते. पण सावकाराच्या वाक्यातला 'दरमहा' हा शब्द न उच्चारलेला होता. दहा हजारांवर बँकेचे वर्षाचे व्याज 1,200 रुपये, सावकाराचे 2,400. हे मला कळले तेव्हा त्याच्या बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. 'दर साल, दर शेकडा' एवढी चार अक्षरे उलगडून सांगायला मला अर्धे मिनिट लागले असते. ते अर्धे मिनिट मला अजून टोचते.

भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास 'लीलावती'तली उदाहरणे श्लोकांत घातली. भुंगे, हंस, मोर आणि साप यांच्या गोष्टीतून आकडे शोधायचे, म्हणजे आधी वाचायचे आणि मग मांडायचे. आपण मात्र मुलांना 'एकूण' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी असे शिकवतो. शिकवणीच्या वर्गात ते खपून जाते, पण कर्जाच्या कागदावर तसे खुणेचे शब्द नसतात.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: पेन्सिल उचलण्यापूर्वी मुलाला उदाहरण स्वतःच्या शब्दांत, घरच्या भाषेत सांगू द्या. सांगता आले, तर अर्धे गणित सुटले. नाही आले, तर उत्तर बरोबर येऊनही काही उपयोग नाही.