छातीच्या फोटोत दिसलेला मणका

मैत्रिणींनो, 2021 चा तो उन्हाळा आठवतोय ना? वैरागात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न असायचा, 'स्कोअर किती आला?' कुणाला बार्शीला न्यायचं, कुणाला सोलापूरला, याचीच धावपळ. आमच्या शेजारच्या मावशींचाही तेव्हा छातीचा सीटी स्कॅन झाला. त्या बऱ्या होऊन घरी आल्या आणि फिल्म पिशवीत घालून कपाटावर गेली. परवा त्यांची पाठ फारच दुखायला लागली, म्हणून डॉक्टरांकडे नेताना ती पिशवीही मी सोबत घेतली. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "यांचे दोन मणके तेव्हाच दबलेले होते की!"

तेव्हा सगळ्यांचा जीव फुप्फुसांत अडकलेला. मणक्याकडे कोण बघणार? पण इटलीत मिलान शहरातल्या सान राफाएले रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नेमकं तेच बघितलं. 2020 च्या पहिल्या लाटेतल्या 114 रुग्णांचे छातीचे एक्स-रे त्यांनी पुन्हा तपासले. त्यातल्या 41 जणांचे, म्हणजे शंभरात 36 जणांचे, मणके दबून मोडलेले निघाले. अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना श्वासासाठी मास्कच्या यंत्राचा आधार लागला. बाकीच्यांत हेच प्रमाण शंभरात 27 होतं. मृत्यूही शंभरात 22 आणि 10 असे.

आता लगेच घाबरून जाऊ नका. रुग्णांची संख्या लहान होती. मणका मोडलेले रुग्ण वयानं मोठे होते, त्यांच्यात रक्तदाब आणि हृदयविकारही जास्त होता. त्यामुळे मणक्यानंच जीव घेतला असं म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट सरळ आहे. मणके दबले की पाठीला पोक येतं, छातीचा पिंजरा आवळतो आणि फुप्फुसांना फुलायला जागा कमी पडते. त्यात न्यूमोनिया झाला तर श्वासाची ओढाताण होणारच. न्यूमोनियाला काही कोरोनाच लागतो असं नाही.

मणका मोडायला पडावंच लागतं, असंही नाही. हाडं ठिसूळ झाली की वाकून घागर उचलतानासुद्धा तो दबतो. असे बहुतेक मणके मोडल्याचं बाईला कळतही नाही. आपण म्हणतो, 'वय झालं, कंबर बसली.' मलम चोळतो आणि खुरपायला जातो. पाळी गेल्यावर हाडांची झीज वेगानं होते. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने घेतल्या तर आणखी भर पडते.

मला खटकतं ते वेगळंच. बाई गरोदर असली की सरकारी दवाखान्यातून तिला कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. ते चांगलंच आहे. पण लेकरं मोठी झाली, पाळी गेली, की तिच्या हाडांची आठवण कुणाला राहते? आशाताई घरी आल्या की सुनेची चौकशी होते, सासूची नाही. पन्नाशीपुढच्या बायकांची हाडांची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी व्हायला हवी, ही मागणी आपणच ग्रामसभेत, महिला मेळाव्यात लावून धरायला हवी.

तोवर घरचं घरी एवढं तरी करा. दाराच्या चौकटीला उभं राहून उंची मोजा. तरुणपणापेक्षा दीड इंच किंवा त्याहून जास्त कमी भरली, तर डॉक्टरांना दाखवा. आयसीएमआरनं 2020 मध्ये पाळी गेलेल्या बाईला रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं. आपल्या ज्वारीच्या भाकरीत ते फार थोडं असतं. नाचणीत ज्वारीच्या दहापटीहून जास्त. म्हणून आठवड्यातून काही दिवस नाचणीची भाकरी, जेवणात तिळाची चटणी, आणि दूध-दही फक्त नातवासाठी न ठेवता स्वतःच्या ताटातही. ऊन अंगावर घ्या, चालत राहा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि कपाटावरची ती पिशवी खाली काढा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या आणि एवढंच विचारा, "डॉक्टर, यात मणका कसा दिसतोय?" मावशींना आता औषध सुरू झालंय. पण मधली वर्षं गेली ती गेलीच.