पिवळी कॅसेट पुन्हा मालकांच्या हातात

घरातला मुलगा किंवा मुलगी खोलीचं दार लावून काहीतरी धडाधड वाजणारं ऐकत असेल, तर आजचा लेख तुमच्या दोघांसाठी आहे. त्या आवाजाला 'हार्डकोर पंक' म्हणतात. साधी पंक गाणी पुरेशी वेगवान नाहीत असं वाटलेल्या अमेरिकन पोरांनी 1980च्या आसपास तो घडवला. आणि त्यातल्या सर्वांत वेगवान, सर्वांत तयारीच्या बँडमध्ये चारही जण कृष्णवर्णीय होते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

बँडचं नाव 'बॅड ब्रेन्स', गाव वॉशिंग्टन डीसी. गायक एच. आर., त्याचा भाऊ अर्ल हडसन ड्रमवर, गिटारवर डॉक्टर नो आणि बास गिटारवर डॅरिल जेनिफर. आधी हे चौघं जॅझ-फ्यूजन वाजवायचे, म्हणजे हात चांगले तयार होते. म्हणून त्यांचा वेग नुसता गोंगाट वाटत नाही. प्रत्येक ठोका जागच्या जागी पडतो, एकदम थांबायचं तर चौघं एकाच क्षणी थांबतात. तबला-पेटीची जुगलबंदी ऐकलेल्या कानांना यातली मेहनत लगेच कळेल.

त्यांच्या कार्यक्रमांत इतकी झोंबाझोंबी व्हायची, की डीसीतल्या क्लबवाल्यांनी त्यांना दारं बंद केली. त्यावर त्यांनी एक गाणंच केलं आणि मुक्काम न्यूयॉर्कला हलवला. तिथे '171-ए' नावाच्या छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं, आणि फेब्रुवारी 1982मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. आला तो फक्त कॅसेटवर! रेकॉर्ड नाही, काही नाही. नील कूपर यांची 'रोअर' ही कंपनी कॅसेटच काढायची. वॉकमन नुकता हातात आला होता, कॅसेट स्वस्त होती, खिशात मावायची आणि मित्राला कॉपी करून देता यायची. पेन्सिल घालून फीत गुंडाळलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

मुखपृष्ठावर अमेरिकी संसदेच्या घुमटावर वीज कोसळते आहे. रंग पिवळा, हिरवा, लाल, म्हणजे रास्ताफारी पंथाचे. चाहते आजही तिला 'पिवळी कॅसेट' म्हणतात. आत सुमारे 34 मिनिटांत पंधरा रचना. पहिली पाच गाणी आठेक मिनिटांत संपतात, आणि मग सहाव्या 'जाह कॉलिंग'ला अचानक संथ रेगे सुरू होतो. आपल्याकडे विलंबितातून द्रुतात जायची रीत. इथे उलटं: आधी द्रुत, मग दम घ्यायला विलंबित. ऐकायला पहिल्यांदाच बसणाऱ्या आई-बाबांनी खुशाल इथूनच सुरुवात करावी.

एक गंमत. 'ॲटिट्यूड' या गाण्यातला सकारात्मक वृत्तीचा धोशा आला आहे तो नेपोलियन हिल यांच्या 1937च्या 'थिंक अँड ग्रो रिच'मधून. हो, तेच पुस्तक, ज्याचा मराठी अनुवाद रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर दिसतो. आरडाओरडा करणाऱ्या बँडचा उपदेश तुमच्या काकांच्या कपाटात आधीपासून आहे! अर्थात हे काही संत नव्हते. समलिंगी व्यक्तींशी त्यांचं त्या काळातलं वागणं चाहत्यांनाही खटकतं, आणि ते झाकून त्यांचं कौतुक करू नये असं मला वाटतं.

आता पुनःप्रकाशनाकडे. हा अल्बम पुढे रेकॉर्डवर आला, सीडीवर आला, एकदा तर वेगळ्याच नावाने आला. पण गाणं गाणाऱ्याचं असलं, तरी ध्वनिमुद्रणाची मूळ फीत, ज्याला 'मास्टर' म्हणतात, ती बहुधा कंपनीच्या मालकीची असते. अल्बम कधी काढायचा, कोणत्या वेष्टनात, कुणाच्या नावाने, हे मास्टर ज्याच्याकडे तो ठरवतो. तरुणपणी, हातात पैसे नसताना केलेली एक सही अशी चाळीस वर्षं पुरते. आपल्या जुन्या तबकड्यांवर गाणाऱ्या कलावंतांचीही गोष्ट फारशी निराळी नव्हती.

'बॅड ब्रेन्स'ने आपल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क परत मिळवले, 'बॅड ब्रेन्स रेकॉर्ड्स' हे स्वतःचं लेबल काढलं आणि 'ऑर्ग म्युझिक'च्या मदतीने 2021मध्ये हा अल्बम नव्याने आणला. त्याची एक खास आवृत्ती जुन्या जॅझ रेकॉर्डच्या धाटणीच्या मुखपृष्ठात आहे. मूळ जॅझवाल्यांना ही टोपी शोभते.

आवाजाचं म्हणाल, तर रिमास्टर म्हणजे गाणं नव्याने गायलेलं नसतं. तयार मिश्रणाचा आवाज आजच्या उपकरणांसाठी तोलून घेतलेला असतो. असं करताना पुष्कळ जण सगळंच मोठ्याने करून ठेवतात आणि ऐकणाऱ्याचं डोकं दुखतं. तेव्हा फोनवर शोधताना आवृत्तीचं वर्ष बघा, 2021ची सापडली तर ती ऐका. जेनिफरच्या बासकडे लक्ष द्या, विशेषतः सहा मिनिटांहून मोठ्या 'आय लव्ह आय जाह'मध्ये. इअरफोनचा आवाज मात्र अर्ध्यावर ठेवा, कारण त्याच्या मागोमाग येणारा शेवटचा तुकडा पुन्हा धडाधड सुरू होतो.