एकवीस हजारांची अट

म्हातारपणी गरीब कोणाला म्हणायचे, या प्रश्नाला राज्याच्या सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडे एक नव्हे, तीन उत्तरे आहेत. फेब्रुवारी २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टी गाठलेल्या माणसाला चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. तिथे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत हवे. त्याच वर्षी जुलैत आलेल्या तीर्थदर्शन योजनेत साठीपुढच्या यात्रेकरूवर ३०,००० रुपयांपर्यंत खर्च होतो. तिथली मर्यादा अडीच लाख. दर महिन्याच्या तेल-मिठासाठी जी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे, तिच्यासाठी मात्र दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे. ते नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये, तेही साऱ्या घराचे मिळून. देवदर्शनाला गरीब ठरलेली म्हातारी पोटापाण्याला गरीब ठरत नाही, हे कुठल्या न्यायाने, याचे उत्तर विभागाने द्यायला हवे.

२०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरातला एक माणूस ७१ दिवस खड्डे खोदायला गेला की २१,००० ची रेघ ओलांडली जाते. रोजगाराची हमी देणाऱ्या सरकारनेच ही मर्यादा घातली आहे, हे ध्यानात घ्या. त्यामुळे प्रत्यक्षात उत्पन्नाचा दाखला हा कमाईचा हिशेब राहत नाही, अर्जाच्या मापाने शिवलेला कागद होतो. सेतू केंद्रात ‘कशासाठी हवाय?’ हा प्रश्न आधी येतो आणि आकडा मागून. हे तलाठ्याला माहीत असते, तहसील कचेरीत असे अर्ज हाताळणाऱ्या संजय गांधी शाखेला माहीत असते, पालकमंत्र्यांच्या शिफारशीने बसलेल्या तालुका समितीलाही माहीत असते. ज्याची ओळख आहे त्याचा दाखला निघतो. जो खरे उत्पन्न सांगून बसतो, किंवा ज्याच्यासाठी शब्द टाकायला कोणी नाही, तो बाहेर राहतो. २०२३ साली श्रावणबाळचे अनुदान महिना १,००० वरून १,५०० झाले, त्याच्या जाहिराती झाल्या. अट मात्र जिथल्या तिथे राहिली.

‘लाडकी बहीण’ योजना आल्यापासून ही विसंगती झाकून ठेवणे अवघड झाले आहे. त्या योजनेतही महिन्याला १,५०० रुपयेच मिळतात, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागितला जात नाही. बाई पासष्टची झाली की हप्ता बंद. खरे तर श्रावणबाळचे वय तिथूनच सुरू होते, म्हणजे एका योजनेने हात सोडावा आणि दुसरीने धरावा अशीच रचना दिसते. पण पहिली योजना महिला व बालविकास विभागाची आणि दुसरी सामाजिक न्यायची. बाईचे आधार, बँक खाते, रेशनकार्ड सगळे सरकारच्या संगणकात असताना तिला नव्याने वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि समितीची बैठक या फेऱ्यात टाकले जाते. चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांत बसणारी बाई सहासष्टाव्या वर्षी २१,००० मध्ये कशी बसणार? वयाने अंग थकते, काम सुटते, औषधे वाढतात. नेमक्या त्याच वळणावर सरकारची पट्टी आखूड होते. पुरुषांचे तर विचारूच नका, त्यांना पासष्टीपर्यंत असा महिन्याचा आधारही नव्हता.

यावर पहिला आक्षेप येतो की आईबापांना मुलांनी सांभाळावे. तसा कायदाही २००७ पासून आहे. प्रांताधिकाऱ्यापुढे अर्ज करून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. पण तो कायदा ऐपत असून न देणाऱ्या मुलासाठी आहे. रोजंदारीवरच्या मुलाकडे द्यायलाच नसेल तर आदेश कितीही कडक असला तरी वसूल काय होणार? दुसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. तो खरा आहे, पण खोटे दाखले अशक्य अटीतूनच जन्माला येतात. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी २०२२ पासून मोफत आहे आणि कंडक्टर वयाच्या पुराव्यापलीकडे काही विचारत नाही. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतचे पाच लाखांचे कवच केंद्राने उत्पन्नाची अट न घालता दिले. तिथे बनावट उत्पन्न दाखवण्याचे कारणच उरत नाही.

तिसरा आक्षेप तिजोरीचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. २०११ च्या जनगणनेतच राज्यात साठीपुढची माणसे एक कोटीहून जास्त होती. आता ती बरीच वाढली असणार. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या पेन्शनमध्ये ऐंशी वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा दरमहा अवघा २०० रुपयांचा, म्हणजे ओझे राज्यावरच. म्हणून मर्यादा एका झटक्यात अडीच लाखांवर न्यावी असे माझे म्हणणे नाही. पिवळे आणि केशरी रेशनकार्ड एवढाच निकष ठेवला तरी ती आपोआप एक लाखापर्यंत येते, आणि उत्पन्नाच्या दाखल्याची भानगडच संपते. पैसा कुठून, असे विचाराल तर एका तीर्थयात्रेच्या ३०,००० रुपयांत एका वृद्धाची वीस महिन्यांची पेन्शन निघते. यात्रेला माझा विरोध नाही. पण दोन्हींतले एकच परवडत असेल तर आधी पेन्शन. शिवाय २०२५-२६ साठी लाडक्या बहिणींकरता ३६,००० कोटींची तरतूद करणाऱ्या राज्याने थोरल्या बहिणींच्या वेळी हात आखडता घ्यावा, हे शोभत नाही.

आपल्या आमदारांना एवढेच विचारा, की २१,००० ची ही अट सभागृहात कधी मांडणार? ती बदलायला नवा कायदा लागत नाही. विभागाचा एक शासन निर्णय पुरतो.