चौकटीबाहेरचा सह्याद्री

१९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली याच दिवशी पॅरिसमध्ये विज्ञान अकादमी आणि ललित कला अकादमी यांच्या एकत्रित सभेत फ्रान्स्वा अरागो यांनी लुई दागेर यांची छायाचित्रण प्रक्रिया सर्वांसमोर उलगडून सांगितली. त्या घटनेच्या स्मरणार्थ हा दिवस जगभर पाळला जातो. महाराष्ट्रात तो ऐन पावसाळ्यात येतो, त्यामुळे आपल्याकडे त्याचा रंग ठरलेला असतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, माळशेजचे धबधबे, ढगांत बुडालेला राजगड, अंधारबनातली वाट. गेल्या दोन महिन्यांत काढलेली हिरवीगार छायाचित्रे या दिवशी सगळीकडे झळकतात. ती देखणी असतात. अनेकांच्या मागे पहाटेची पायपीट आणि भिजलेले सामान असते. तरीही ती शेजारी शेजारी ठेवली की सगळी एकाच माणसाने एकाच जागी उभे राहून काढली असावीत असे वाटू लागते. असे का होते, याचा विचार आज व्हायला हवा.

व्यक्तिचित्र काढणारा समोरच्याला जरा डावीकडे वळायला सांगू शकतो. डोंगराला तसे सांगता येत नाही. निसर्गाचे छायाचित्र काढणाऱ्याच्या हाती मोजक्याच गोष्टी उरतात. कुठे उभे राहायचे, किती वाजता, किती वेळ थांबायचे, कोणती लेन्स लावायची. आणि चौकटीची कड कुठे आणायची, म्हणजे काय आत घ्यायचे नि काय बाहेर ठेवायचे. चित्रकार कोऱ्या कागदावर एकेक गोष्ट आणत जातो. छायाचित्रकारासमोर सगळेच आधीपासून हजर असते आणि त्याला त्यातले वगळत जावे लागते. क्षितिज मधोमध नको, पुढे एखादा खडक हवा, वाट कोपऱ्यातून आत यावी, हे कार्यशाळेत एका दुपारी शिकवता येते. काय वगळायचे हे तसे शिकवता येत नाही. त्या जागेविषयी आपल्याला काय वाटते, यावर ते ठरते.

ही निवड छायाचित्रणाच्या बालपणापासूनची आहे. गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७च्या सुमारास समुद्राची छायाचित्रे काढली, तेव्हाच्या प्रकाशसंवेदी काचा निळ्या प्रकाशाने फार लवकर भाजत. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पांढरे होऊन जाई. ल ग्रे यांनी आकाशाची निगेटिव्ह वेगळी आणि पाण्याची वेगळी घेतली आणि दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जुळवून एक चित्र छापले. एकच ढगाळ आकाश त्यांनी एकाहून अधिक समुद्रांवर वापरले. पावसाळ्यात घाटमाथ्यावर उभे राहिलेल्या प्रत्येकाला हा पेच ठाऊक आहे. दरी दिसावी म्हणून प्रकाश वाढवला की ढग पांढरेफटक, ढग सांभाळले की दरी काळीठिक्कर. आजचा मोबाइल क्षणार्धात कमी-जास्त प्रकाशाची अनेक छायाचित्रे घेऊन एकत्र करतो, इतकाच फरक. तेव्हा ‘पूर्वीचे फोटो खरे, आताचे खोटे’ हा सूर आम्हाला मान्य नाही.

निवडीचे मोल ज्यांच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसते ते अमेरिकी छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्स. १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटी दरीतल्या हाफ डोम या कड्यासमोर ते पोहोचले, तेव्हा पाठीवरून वाहून आणलेल्या काचांपैकी दोनच उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून वापरली. मग जाणवले की यात आकाश फिकट येईल, कडा नुसता दगड दिसेल आणि समोर उभे राहून जो दरारा वाटतो तो छापील चित्रात कुठेच असणार नाही. शेवटच्या काचेसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे आकाश जवळजवळ काळे उतरले आणि त्यावर तो कडा उभा राहिला. डोळ्यांना तसे काळे आकाश दिसले नव्हते. मनाला कडा कसा भासला, ते त्यांनी शटर दाबण्यापूर्वी ठरवले होते.

पुढे १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावापाशी उगवता चंद्र आणि दफनभूमीतले पांढरे क्रूस त्यांना एकाच वेळी दिसले. सूर्य मावळत होता आणि प्रकाशमापक सापडत नव्हता. चंद्राची तेजस्विता किती असते हे त्यांना पाठ होते; त्या आकड्यावरून त्यांनी हिशेब केला आणि एक छायाचित्र घेतले. दुसऱ्याची तयारी होईतो क्रुसांवरचा प्रकाश गेला. ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, पण आम्हाला तिच्या पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ती एकच निगेटिव्ह ते पुढची अनेक वर्षे डार्करूममध्ये छापत राहिले. सुरुवातीच्या प्रतींमध्ये आकाश करडे आहे, त्यात ढगांचे पट्टे दिसतात. नंतरच्या प्रतींमध्ये आकाश काळे होत जाते आणि वरचे ढग दिसेनासे होतात. निगेटिव्ह तीच, क्षण तोच. काय दाखवायचे याविषयीचा त्यांचा कौल मात्र बदलत गेला.

आता तिसरे चित्र. कॅलिफोर्नियातील लोन पाइन गाव, १९४४चा हिवाळा. मागे उन्हात न्हालेली बर्फाच्छादित सिएरा नेवाडा, मध्ये काळ्या टेकड्यांचा पट्टा, पुढे कुरणात चरणारा घोडा. घोडा पाठ करून उभा होता. उन्हाची तिरीप कुरणावर आली आणि नेमका तेव्हाच तो बाजूला वळला. त्या पट्ट्यातल्या एका टेकडीवर गावातल्या शाळकरी मुलांनी गावाच्या नावाची दोन आद्याक्षरे पांढऱ्या रंगात मोठी लिहून ठेवली होती. अॅडम्स यांनी ती चित्रातून पुसून टाकली आणि तसे स्वतः लिहूनही ठेवले. डोंगरावरची ती अक्षरे त्यांना ओरखडा वाटत होती.

गडांच्या तटावर बदाम आणि नावे कोरलेली पाहून ज्याचा संताप झाला आहे, त्याला अॅडम्स यांची बाजू चटकन पटेल. शिवाय ते माणसांकडे पाठ फिरवणारे कलावंत नव्हते. त्याच पर्वतांच्या पायथ्याशी मान्झानार इथे जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना युद्धकाळात डांबले होते. तिथली छायाचित्रे काढून त्यांनी १९४४ मध्येच पुस्तक प्रसिद्ध केले. पण त्यांचे माणसांचे काम मागे पडले आणि निर्मनुष्य पर्वतांची चित्रे जगाच्या भिंतींवर लागली. निसर्गाचे छायाचित्र म्हणजे माणसाची खूणही नसलेला भूभाग, हा समज त्या चित्रांनी जगभर पक्का केला.

आपल्याकडे चौकट उसनी घेण्याची सुरुवात त्याआधीच झाली होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. हिमालयाची गाजलेली छायाचित्रे मात्र १८६३ साली भारतात आलेल्या सॅम्युअल बोर्न यांची. काचा, रसायने, अंधाऱ्या खोलीसाठी तंबू, हे सारे हमालांच्या पाठीवर लादून ते साडेअठरा हजार फुटांवरच्या मणिरंग खिंडीपर्यंत पोहोचले. त्या कष्टांना सलामच करायला हवा. पण ते शोधत होते ती इंग्रजी निसर्गचित्रातली जुळणी. पुढे झाड, मध्ये पाणी, मागे डोंगर आणि आकारमान कळावे म्हणून एखादी चिमुकली मानवी आकृती. हिमालय त्या साच्यात सहजी बसला नाही तेव्हा त्यांनी तक्रारही केली आणि काश्मीरच्या सरोवरांपाशी ते रमले.

आज सह्याद्रीवर बसवलेला साचा समाजमाध्यमांतून आला आहे. धबधबा असेल तर तिपाई, गडद फिल्टर आणि काही सेकंदांचे एक्स्पोजर. पाणी दुधासारखे गुळगुळीत. खरे तर सह्याद्रीतला जुलैचा धबधबा मातकट असतो, दगड घेऊन कोसळतो, वाऱ्याने उलटा वर फेकला जातो. त्याचा जोर दाखवायचा तर शटर जलद हवे. तिथे रेशमी पाणी निवडणारा नकळत त्या पाण्याचा स्वभाव बदलतो. कड्यांचेही तसेच. वाइड लेन्सने पुढचा दगड मोठा होतो आणि मागचा कडा बुटका. बेसाल्टचे एकावर एक थर, त्यांच्यामधली गवताळ पट्टी, ही सह्याद्रीची खरी ओळख लांब पल्ल्याच्या लेन्सने समोरच्या डोंगरावरून उमटते. जागा बदलल्याने काय साधते हे हवाई छायाचित्रकार गोपाळ बोधे यांनी दाखवून दिले. खालून पाहताना गड छातीवर येतो. वरून पाहिल्यावर राजगडाच्या तिन्ही माच्या हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या दिसतात आणि बांधणाऱ्याच्या डोक्यातला आराखडा कळतो. आणि एका जागेशी नाते जोडायचे तर कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्याकडे पाहावे. त्यांनी कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला, कारण प्रकाश रोज वेगळा होता.

पण आमची मुख्य तक्रार तंत्राबद्दलची नाही. ती चौकटीबाहेर ठेवलेल्या गोष्टींबद्दल आहे. १९७५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये ‘न्यू टोपोग्राफिक्स’ हे प्रदर्शन भरले. विषय होता माणसाने बदललेला भूभाग. त्यातले रॉबर्ट अॅडम्स (अॅन्सल यांचे कोणी नव्हेत) कोलोरॅडोच्या डोंगरांसमोर उभे राहिले आणि पायथ्याशी ओळीने उठलेली घरे, पेट्रोल पंप, रस्ते त्यांनी तितक्याच निगुतीने चौकटीत घेतले. जे वगळण्यासाठी इतर छायाचित्रकार चार पावले बाजूला सरकले असते, ते त्यांनी मध्यभागी ठेवले. त्या चित्रांतला प्रकाशही सुंदर आहे. या जागेवर प्रेम असेल तर तिचे जे झाले आहे तेही पाहावे लागेल, असे ती चित्रे सांगतात.

सह्याद्रीत आपण चार पावले बाजूला सरकतो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या टाळतो, डोंगर कापून पाडलेले प्लॉट टाळतो, वाहनतळ टाळतो. इर्शाळगडाची छायाचित्रे आठवून पाहा. सुळका, त्यातले नेढे, धुके. गडाची वाट ठाकर समाजाच्या इर्शाळवाडीतून जात होती, ट्रेकर तिथे पाणी पीत, भाकरी खात. तरी आमच्या पाहण्यातल्या बहुतेक चित्रांत ती वाडी नव्हती. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळून वाडी गाडली गेली, आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राने ती पहिल्यांदा पाहिली. त्याच उतारावर वर्षानुवर्षे शेकडो कॅमेरे रोखले गेले होते. उताराखालची घरे, घरांवरचे झाड, पावसागणिक रुंदावणारी एखादी भेग यांतले काही त्यांत सहज उमटले असते. छायाचित्रांनी दरड थांबली असती असे कोणी म्हणणार नाही. पण त्या घरांची नोंद तरी राहिली असती.

यावर कोणी म्हणेल, सौंदर्यानेच निसर्ग वाचतो. खरे आहे. अॅन्सल अॅडम्स यांच्या सिएरा नेवाडावरील १९३८च्या पुस्तकाचा किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या १९४०च्या निर्मितीला हातभार लागला. पण कासच्या पठाराचे काय झाले? केवळ फुलांनी भरलेल्या चौकटी पाहून लोक आले, जांभ्यावरच्या बोटभर मातीतली फुले पायदळी तुडवून तशाच चौकटी काढू लागले आणि शेवटी दररोजच्या पर्यटकांवर मर्यादा घालावी लागली. त्यात भर म्हणून आता संगणकावर एका क्लिकमध्ये आकाश बदलता येते. भिंतीवर लावायच्या कलाकृतीत कोणी ते जरूर करावे, मात्र तसे सांगून. ‘आजचे कास’ म्हणून ते चित्र पसरवणे ही फसवणूक आहे.

करण्यासारखे एक काम समोर आहे. अमेरिकेत १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातील भूसर्वेक्षणाची छायाचित्रे नेमकी कुठून काढली गेली ते शोधले आणि त्याच जागी, त्याच ऋतूत, त्याच उन्हात पुन्हा कॅमेरा लावला. भोर घाटातील रेल्वेच्या बांधकामाची त्या काळातली छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. खंडाळ्याच्या परिसरात त्या जागा शोधता येतील. जुन्या कोनातून पाहिले की चौकटीत द्रुतगती मार्ग येईल, विजेचे मनोरे येतील, दरीवरचा नवा पूल येईल, उतारावर चढत गेलेल्या इमारती येतील. येऊ द्याव्यात. प्रत्येक चित्राखाली तारीख, ठिकाण आणि कॅमेऱ्याची दिशा लिहावी. पुण्या-मुंबईतील छायाचित्र संस्था, भूगोल शिकवणारी महाविद्यालये आणि गिर्यारोहण मंडळे यांनी मिळून पुढच्या १९ ऑगस्टपर्यंत घाटातल्या दहा जागा केल्या, तरी सुरुवात म्हणून पुरे.