शब्दचिंतन : मोठे शब्द, छोटे शब्द

परीक्षा जवळ आली की अमिरातीतील मराठी घरांत मुलांच्या टेबलावर कठीण इंग्रजी शब्दांच्या याद्या दिसू लागतात. यादीतला शब्द रात्री पाठ होतो, सकाळी उत्तरपत्रिकेत उतरतो आणि आठवड्याभरात विस्मृतीत जातो. याचे कारण उघड आहे. ज्या प्रसंगी त्या शब्दाची गरज भासली, तो प्रसंग यादीत नसतो. तो शोकांतिकेत असतो.

शेक्सपियरचे सुमारे १६०६ सालचे 'मॅकबेथ' इंग्लंडच्या अभ्यासक्रमाच्या शाळांतून वरच्या वर्गांना पुष्कळदा नेमले जाते. राजा घरी पाहुणा म्हणून उतरला आहे आणि यजमान त्याच्या वधाचा विचार करीत आहे. आरंभी तो त्या कृत्याला नावच देत नाही. नुसते 'ते' म्हणतो. मग 'असॅसिनेशन' हा भारदस्त शब्द त्याच्या तोंडी येतो. इंग्रजीतील या शब्दाच्या अगदी आरंभीच्या लेखी उपयोगांपैकी हा एक होय. त्याचे मूळ अरबी आहे. ज्या भाषेच्या पाट्या आपली मुले रोज रस्त्यावर पाहतात, तिच्यातूनच तो धर्मयुद्धांच्या काळात युरोपात पोहोचला. आपला 'कत्तल' हा शब्दही त्याच भाषेचे देणे आहे.

वध झाल्यावर मॅकबेथ आपल्या हातांकडे पाहतो. सागराचे पाणीही हे रक्त धुऊ शकणार नाही, उलट सागरच लाल होईल, असे त्याला वाटते. येथे कवी 'मल्टिट्यूडिनस' आणि 'इन्कार्नडाइन' हे दोन लांबलचक लॅटिन वळणाचे शब्द योजतो. आणि लगेच 'ग्रीन' व 'रेड' हे शेतकऱ्यालाही कळणारे शब्द ठेवतो. आपल्याकडे 'रक्तवर्ण' आणि 'लाल' यांत जे अंतर आहे, तेच येथे आहे. पुढे लेडी मॅकबेथ झोपेत चालत हातावरचा डाग पुसू पाहते, तेव्हा तिचे बहुतेक शब्द लहान, घरगुती आहेत. कृत्य झाकण्यास मोठा शब्द लागला. दुःख मात्र छोट्या शब्दांतच फुटले. उच्च शब्दसंपत्ती म्हणजे मोठे शब्द ठाऊक असणे नव्हे; मोठा कोठे वापरावा आणि लहान कोठे, हा विवेक होय. तो कोणतीही यादी शिकवीत नाही.

हा विवेक मराठी माणसाने भाषांतरातून कमावला. डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली एकशेएक दिवस काढलेल्या आगरकरांनी पुढच्याच वर्षी 'हॅम्लेट'ला 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले. देवलांनी १८९० मध्ये 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये 'मॅकबेथ'चा 'राजमुकुट' केला. परक्या शब्दाचे वजन करावयाचे तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आपला शब्द असावा लागतो. ज्या मुलाची मराठी सुटली, त्याचे ते पारडे रिकामे राहते. मग तो निबंधात सर्वत्र मोठेच शब्द पेरतो; आणि गावाकडे आजोबा गेल्याची वार्ता आली, तर दूरध्वनीवर आजीशी बोलावयास त्याच्यापाशी छोटा शब्द उरत नाही.

पत्नीच्या मृत्यूची बातमी ऐकून मॅकबेथ आयुष्याला क्षणभर जळणाऱ्या मेणबत्तीची उपमा देतो. 'कँडल' हा त्याचा शब्द लॅटिन 'कँडेला'पासून आला. तोच लॅटिन शब्द ग्रीकमधून अरबीत 'किंदील' झाला आणि आपल्याकडे येऊन 'कंदील' झाला. दिवाळीत सज्जात टांगलेल्या आकाशकंदिलाकडे बोट दाखवून एखाद्या आईने वा वडिलांनी एवढी गोष्ट मुलाला मराठीत सांगितली, तर तो शब्द त्याला पुन्हा पाठ करावा लागणार नाही.