घोड्यांना दिले, तेवढे माणसांना द्या

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १८८३ सालापासून घोडे धावत आले आहेत. सुमारे २११ एकरांचे ते मैदान. ज्या मुंबईत वीतभर जागेसाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो, त्या मुंबईत एवढी जमीन नुसत्या गवताखाली मोकळी राहिली, याला कुणी चमत्कार म्हणेल. पण त्यात चमत्कार काही नव्हता. घोड्याला धावायला मोकळी जागा लागते, ही एवढी गोष्ट सर्वांनी निमूटपणे मान्य केली होती. घोड्यांचे मन रमावे म्हणून तेथे रंगीत कारंजी नाचवावीत, असे सव्वाशे-दीडशे वर्षांत एकाही शहाण्याला सुचले नाही. नुसत्या मोकळ्या जागेत घोडा कंटाळेल, अशी चिंता कुणाला पडली नाही.

आता पाळी माणसांची आली आहे. आणि माणसे नुसत्या मोकळ्या जागेत कंटाळतील, या चिंतेने आपले नगरपिते, अधिकारी आणि नकाशे काढणारे विद्वान बेचैन झाले आहेत.

हकिकत थोडक्यात अशी. ही जमीन राज्य शासनाची आणि महापालिकेची, म्हणजे अखेर तुमची-आमची. टर्फ क्लबचा जुना भाडेपट्टा २०१३ साली संपला. त्याच साली येथे 'थीम पार्क' करण्याची भाषा झाली आणि विरली. पुढे २०२४ साली असे ठरले, की यातली १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी घ्यावी आणि ९१ एकर क्लबकडे तीस वर्षांच्या पट्ट्याने ठेवावी. शेजारी समुद्रात भराव घालून किनारी रस्ता झाला. त्याच्या कडेची सुमारे १७५ एकर जागा भुयारी वाटेने या उद्यानाला जोडायची. सगळे मिळून तीनशे एकरांच्या आसपास होते. नावही ठरल्यासारखेच आहे: सेंट्रल पार्क.

बेत चांगला आहे. त्याला विरोध करण्याचा करंटेपणा मी करणार नाही. माझे भांडण आहे ते पुढच्या प्रश्नाशी. जागा हाती येते न येते तोच जो तो विचारू लागला, "तिथे करायचे काय?" कुणाला वाहनतळ हवा, कुणाला क्रीडासंकुल हवे. वर बांधायचे नाही असा शब्द दिला आहे म्हणतात. तेव्हा बांधकामाची हौस आता जमिनीखाली शिरली आहे. वर गवत, खाली वाहनतळ आणि संकुल! म्हणजे शब्दही पाळला आणि सिमेंटही ओतले.

माझे म्हणणे एका ओळीत सांगतो. उद्यान बांधायचे नसते, राखायचे असते. ज्या गोष्टींसाठी हे शहर तडफडते आहे त्या तीनच आहेत: माती, सावली आणि उघडे फाटक. या तिहींच्या आड येणारी प्रत्येक योजना, मग ती कितीही देखणी असो, उद्यानाच्या मुळावर येणारी आहे.

प्रथम जरा त्रैराशिक मांडू. मी शाळामास्तर आहे, तेव्हा एवढा अधिकार मला असावा. तीनशे एकर म्हणजे सुमारे १ कोटी ३० लाख चौरस फूट. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाखांहून थोडी अधिक. भागाकार केला की माणशी एक चौरस फूट येतो, वर थोडी बाकी उरते. एका चौरस फुटात माणूस उभा राहू शकतो. मांडी घालून बसू शकत नाही. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगररचनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. म्हणजे हे शहरातले सर्वांत मोठे दान मानले, तरी ते प्रत्येकाच्या वाट्याला तळपायाएवढे येते. त्यातून संकुलाला किती, वाहनतळाच्या उतारांना किती आणि उपाहारगृहाला किती द्यायचे, याचा हिशेब आता ज्याचा त्याने करावा.

जमिनीखालचे बांधकाम वरून दिसत नाही, मग बिघडले कोठे, असे विचारणारे विचारतात. त्यांनी मलबार हिलच्या हँगिंग गार्डनकडे पाहावे. ती बाग १८८१ सालची, पाण्याच्या टाकीच्या छतावर केलेली. तेथील हत्ती-जिराफांच्या आकारात कातरलेली झुडपे पाहायला गावोगावची माणसे येतात. पण वैशाखातल्या दुपारी टेकायला जो वड लागतो, तो छतावर वाढत नसतो. चार-सहा फूट मातीत हिरवळ येते, कर्दळ येते, मेंदीचे कुंपण येते. वड, पिंपळ, चिंच यांना खोल जमीन लागते. त्यांना छत दिले तर एक तर ती खुरटतात, नाही तर छताला तडे पाडतात. आणि छत गळू लागले की कुऱ्हाड झाडावर पडते, छतावर नव्हे. शिवाय छतावरची बाग ही भाडेकरू असते. २०२३ साली मलबार हिलची टाकी पाडून नवी बांधण्याचा बेत निघाला, तेव्हा बागेलाच बिऱ्हाड हलवण्याची वेळ आली होती. लोकांनी ओरड केली म्हणून तो बेत बारगळला. दर वेळी लोक ओरडतीलच असे नाही.

आणि पावसाचे काय? हा सारा टापू मुळात खाजणाचा. अठराव्या शतकात हॉर्नबीने बांध घालून येथली खिंड बुजवली, तेव्हा समुद्र हटला आणि जमीन वर आली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी ज्यांनी गळ्याइतक्या पाण्यातून घर गाठले, त्यांना उघडी माती म्हणजे काय हे शिकवायला नको. माती पाणी पिते. सिमेंट ते शेजाऱ्याच्या दारात लोटते.

नाव न्यूयॉर्कचे घेतले आहे, तर धडाही तिथलाच घ्यावा. तिथले सेंट्रल पार्क ८४३ एकरांचे. १८५८ साली ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या दोघांचा आराखडा निवडला गेला. शहराचे चार रस्ते उद्यानातून आडवे नेणे भाग होते. या दोघांनी ते खोल चरांतून नेले, म्हणजे फिरणाऱ्याला घोडागाड्या दिसू नयेत. वाहनाने माणसाला वाट द्यायची, ही त्यांची समजूत होती. त्या उद्यानाच्या पोटातही एक पाप आहे. त्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची मुख्यत्वे कृष्णवर्णीयांची वस्ती होती. १८५७ पर्यंत ती उठवली गेली. उद्यान लोकांसाठी करताना लोकांनाच हाकलायचे, हा मोह तेव्हाही होता.

१९५६ ची गोष्ट तर आपल्या नगरपित्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी. उद्यानातल्या एका उपाहारगृहाच्या गिऱ्हाइकांच्या मोटारींसाठी अर्ध्या एकराचा तुकडा सपाट करण्याचा हुकूम रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याने दिला. या माणसापुढे महापौरही दबून असत. पण आसपासच्या आया पोरांच्या बाबागाड्या घेऊन बुलडोझरच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. मोझेसला माघार घ्यावी लागली, आणि त्या जागी मुलांचे क्रीडांगण झाले. ८४३ एकरांतल्या अर्ध्या एकरासाठी त्या बायका भांडल्या. आपण तीनशे एकरांखाली काय काय चालणार आहे, हे विचारायलाही संकोचतो.

आता फाटकाविषयी. माझ्या वर्गातील मुलांना मी 'उद्यानातील एक तास' हा निबंध घातला होता. निम्म्याअधिक वह्यांत पाट्यांचेच वर्णन होते: गवतावर बसू नये, चेंडू खेळू नये, खाद्यपदार्थ आणू नयेत, झोपू नये. एकाने लिहिले, "उद्यानात काय करावे याची पाटी नव्हती." त्याला मी दहापैकी नऊ गुण दिले. याच मुलांना घेऊन मी एकदा एका बागेपाशी गेलो, तर ऐन दुपारी फाटकाला कुलूप. पहारेकरी म्हणाला, "दुपारी बंद असते, मास्तर." ज्या वेळी उन्हाने जीव कासावीस होतो, नेमकी तेव्हाच सावली कुलपात!

कुलपाची धाकटी बहीण म्हणजे तिकीट. राणीची बाग १८६२ पासूनची. गिरणगावातल्या कित्येक पिढ्यांचा रविवार तिने गोड केला. २०१६ साली तेथे पेंग्विन आणले आणि २०१७ साली मोठ्या माणसाचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झाले. पेंग्विनला थंडावा हवा, ते खरेच. पण ज्याला नुसते झाडाखाली बसायचे आहे, त्याने पेंग्विनच्या थंडाव्याचे बिल का भरावे? उद्यानात एक महागडी वस्तू आली, की तिच्यामागून खर्च येतो, खर्चामागून तिकीट येते आणि तिकिटामागून गरीब बाहेर जातो. हा क्रम ग्रहगणितासारखा ठरलेला आहे.

कुणी म्हणेल, फाटक उघडे टाकले तर लोक नासधूस करतील. त्यांनी दादरला जावे. शिवाजी पार्क १९२५ पासून लोकांसाठी खुले आहे. सुमारे अठ्ठावीस एकर मैदान आणि भोवती बसका कट्टा. त्या कट्ट्याला ना तिकीट, ना वेळापत्रक. तेथे पेन्शनर बसतात, कॉलेजची पोरे बसतात, दिवसभर राबून आलेली बाई दोन घटका टेकते. मुंबईच्या उद्यानशास्त्रातला सर्वांत मोठा शोध कोणता विचाराल, तर मी हा दीड हात उंचीचा कट्टा सांगेन.

दुसरे कुणी म्हणेल, भरावाच्या खडकाळ जमिनीत, खाऱ्या वाऱ्यात झाडे येणार कशी? येतात, धीर पाहिजे. माहीमचे निसर्ग उद्यान पाहा. तेथे शहराच्या कचऱ्याचे डोंगर होते. १९८० नंतरच्या दशकात त्यावर झाडे लावू लागले, १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले, आणि आज सदतीस एकरांचे ते रान धारावीच्या कुशीत उभे आहे. कचऱ्यावर जे उगवले ते भरावावर का उगवणार नाही? उंडी, करंज, भेंड, नारळ ही आपल्या किनाऱ्याचीच लेकरे. खाऱ्या वाऱ्याची त्यांना पिढीजात सवय आहे. मात्र झाडाला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि निवडणूक पाच वर्षांनी येते. रोपट्याच्या उद्घाटनाचा फोटो चांगला येत नाही, कारंज्याचा येतो. खरी अडचण ही आहे, खारा वारा नव्हे.

तेव्हा मागणे एवढेच. एक, या जमिनीखाली काही बांधू नका. तसा ठराव लेखी करा आणि नकाशे मराठीत छापून वॉर्डावॉर्डांत लावा. दोन, आधी झाडे लावा, मग वाटा आखा. लोक चालतील तेथे वाट पडेलच. तीन, फाटके चारही दिशांना ठेवा आणि ती दुपारीही उघडी असू द्या. महालक्ष्मी स्टेशनावर उतरणाऱ्याला, वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांमधून पिढ्या काढलेल्यांना, धोबीघाटावर राबणाऱ्याला सरळ पायी आत येता यावे. मोटारीतून येणाऱ्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. चार, प्यायचे पाणी, स्वच्छ मोऱ्या, भरपूर बाके आणि पगारी माळी. पाचवे काही नाही. तिकीट तर नाहीच.

रेसकोर्सवर आजवर माणसे घोड्यांवर पैसे लावत आली. यापुढे या शहराने एकदा माणसांवर लावून पाहावेत. नुसते गवत, नुसती सावली आणि नुसती मोकळीक मिळाली तर ती बिघडत नाहीत. उलट जरा बरी होऊन घरी जातात. जनावरावर जेवढा विश्वास टाकला, तेवढा नागरिकावर टाकायला महापालिकेची हरकत नसावी.